बारमाही हिरवं गोल्फ मैदान: नाशकात हा हट्ट परवडतो का?

हिरवळकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नाशिकबाहेरच्या एका छोट्या, नऊ होलच्या (म्हणजे खेळाचे नऊ टप्पे असलेल्या) गोल्फ क्लबच्या मैदान समितीवर यंदा माझी वर्णी लागली आहे. वर्णी लागली म्हणजे त्या बैठकीला बाकीचे दोघं आले नव्हते. क्लबचं नाव देत नाही, सभासद इथे वाचतात.

सभासदांना मैदान बारा महिने हिरवंगार हवंय. पाऊस सरला की ऑक्टोबरात सगळे खूश असतात. डिसेंबर-जानेवारीत गवताची वाढ थांबते, रंग पिवळट होतो. मार्चपासून बोअरचं पाणी उतरायला लागतं. मेमध्ये फेअरवेला, म्हणजे खेळाच्या लांब गवताळ पट्ट्यांना, भेगा पडतात आणि जुलैत त्याच फेअरवेवर दोन होल पाण्याखाली जातात. जमीन अर्धी काळी, अर्धी मुरमाड. गवत सगळीकडे बर्म्युडा, म्हणजे आपली हरळीच. ग्रीनवर, म्हणजे चेंडू जिथे भोकात घालायचा त्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, तिची बुटकी संकरित जात.

यंदाच्या बजेटमध्ये एकच मोठं काम बसतंय. एक गट म्हणतो फेअरवेवर स्प्रिंकलर टाका. दुसरा म्हणतो निचऱ्याचे चर खणा. तिसरा म्हणतो आधी क्लबहाऊसचं गळकं छत आणि टॉयलेटं बघा. ज्यांनी मैदानं, लॉन, शेतं सांभाळली आहेत त्यांनी सांगा, वर्षाचं गणित कसं बसवायचं?

उगाच_एक

गोल्फ क्लबवर तर सकाळी निम्मं नाशिक चालायला येतं. तिथे गोल्फ कधी सुरू झालं?

पंचवटीकर

अहो ते त्र्यंबक रोडचं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. पाटी एक, लोकांच्या तोंडी गोल्फ क्लब, आणि खेळ क्रिकेटचा. रणजीचे सामने झालेत तिथे. धागाकर्ते दुसऱ्याच ठिकाणाबद्दल बोलताहेत.

उगाच_एक

म्हणजे खरंच गोल्फ खेळणारा नाशिककर अस्तित्वात आहे तर. दंडवत. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

वेलीवरचा

मी दिंडोरी तालुक्यातला, द्राक्षवाला. गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, पण काळ्या जमिनीत पाणी साचलं की काय होतं ते चांगलं कळतं. मुळाला हवा मिळाली नाही की वरून कितीही खत टाका, पान पिवळंच राहणार. आमच्याकडे बाग लावायच्या आधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघतात, ठिबकचा नंबर त्यानंतर लागतो. तेव्हा माझं मत चराला.

दुसरं, मजूर. तुमची मोठी कामं बहुतेक ऑक्टोबरात असणार. त्याच वेळी आमची गोडी (फळासाठीची) छाटणी असते. पेठ-सुरगाण्याकडून येणारी माणसं तेव्हा बागांत असतात. पुढे डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, मग जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत काढणी, आणि लगेच एप्रिलची खरड छाटणी. ऐन वेळी निघालात तर माणूस मिळायचा नाही. मुकादमाशी ऑगस्टातच बोलून ठेवा आणि मजुरी बागेच्या दराने द्या, 'क्लबचं हलकं काम' म्हणून कमी नको.

रोलरमास्तर

मी क्रिकेटच्या खेळपट्ट्या करतो. तुमचा आमचा धंदा उलटा. आम्ही चिकण काळी माती पाणी मारून, रोलर फिरवून दगड करतो. तुम्हाला ग्रीनखाली वाळू लागते आणि पाणी खाली पळालं पाहिजे. त्यामुळे क्रिकेटच्या माळ्याला ग्रीन सोपवू नका, हात सवयीने रोलरकडे जातो.

एक मात्र विचारतो. ग्रीनवर पसरायला वाळू कुठली वापरता? नदीची मिळणं अवघड झालंय, त्यामुळे सगळीकडे क्रश सँड खपवतात.

हिरवळकर

क्रश सँडच. गेल्या वर्षी पुरवठादाराने 'धुतलेली आहे' म्हणून दिली. तेव्हापासून दोन ग्रीनवर पाणी मुरत नाही.

मृद्गंधा

तिथेच पाणी मुरतंय. (किंवा मुरत नाहीये.)

मी कृषी पदवीधर, काही वर्षं लँडस्केपमध्ये काम केलंय. क्रश सँड म्हणजे आपल्या काळ्या दगडाचा चुरा. त्यात पिठासारखी भुकटी असते आणि कण कोनदार असतात, त्यामुळे ते एकमेकांत बसून घट्ट होतात. बांधकामात हवं तेच, ग्रीनवर नको तेच. ट्रक खाली करण्याआधी एक करा: काचेच्या उभ्या बरणीत निम्मी वाळू, वर पाणी, जोरात हलवा आणि ठेवून द्या. चांगली वाळू मिनिटभरात खाली बसते, वरचं पाणी बऱ्यापैकी नितळ राहतं. भुकटीवाल्या वाळूचं पाणी संध्याकाळपर्यंत राखाडी असतं आणि वाळूवर बोटभर चिखलाचा थर दिसतो. असा थर दिसला तर ट्रक परत पाठवा. हा घरगुती उपाय झाला. मोठी खरेदी असेल तर चाळणी चाचणी करून घ्या. ग्रीनच्या मिश्रणात चिकणमाती ३ टक्क्यांच्या वर जाऊ नये असा अमेरिकन गोल्फ असोसिएशनचा निकष आहे.

त्या दोन ग्रीनना पोकळ दातांच्या यंत्राने भोकं पाडून मातीच्या गोळ्या बाहेर काढा आणि भोकं चांगल्या वाळूने भरा. एका वेळेत सुधारणार नाही, दोन-तीन हंगाम लागतील.

निवृत्त_तोफखाना

देवळालीत स्थायिक. नोकरीत असताना छोट्या छावण्यांमध्ये खूप गोल्फ खेळलो. तिथे ग्रीन नसायचंच, 'ब्राऊन' असायचं: वाळूत जळकं तेल मिसळून दाबलेला गोल, आणि पट करण्याआधी, म्हणजे चेंडू भोकाकडे ढकलण्याआधी, लाकडी फळीने रेघ ओढून घ्यायची. आज कोणी जमिनीत तेल ओतू नये, पण सांगायचा मुद्दा असा की हिरव्या रंगावाचून खेळ अडत नाही.

२००६ ची ब्रिटिश ओपन आठवा. इंग्लंडमधलं हॉयलेकचं मैदान उन्हाने पार तपकिरी झालं होतं. टायगर वुड्सने चार दिवसांत ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायची काठी) एकदाच काढला आणि स्पर्धा जिंकली. कडक जमिनीवर चेंडू घरंगळतो, डोकं चालवावं लागतं. तुमच्या सभासदांना टीव्हीवरची ऑगस्टा (अमेरिकेतलं ते हिरवंगार मैदान) दिसते, तिचा खर्च दिसत नाही.

फेअरवे एप्रिल-मेमध्ये झोपू द्या. हरळी मरत नाही.

कोरडवाहू

येवल्याकडचा आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो आणि इकडे चेंडू घरंगळावा म्हणून बोअर उपसायची चर्चा चाललीय. जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की नाशिककर रस्त्यावर उतरतात, 'आमच्या हक्काचं पाणी' म्हणतात. मग हे कुणाच्या हक्काचं? राग मानू नका, पण धाग्याचं शीर्षक वाचूनच डोकं फिरलं.

उगाच_एक

आला, मूळ मुद्दा आला.

वेलीवरचा

कोरडवाहूभाऊ, राग रास्त आहे. पण मग द्राक्षाला आणि वाइनला किती लागतं तेही कोणी विचारेल, आणि मी अडचणीत येईन. ह. घ्या.

गाळमुरूम

भांडण्याआधी आकडे मांडू. मी स्थापत्यवाला.

उन्हाळ्यात हरळीला रोज साधारण ५ मिलिमीटर पाणी धरा. १ हेक्टरला ५ मिमी म्हणजे ५०,००० लिटर. नऊ होलच्या मैदानात पाणी द्यावं असं फेअरवेचं क्षेत्र ८ हेक्टर जरी धरलं तरी रोज ४ लाख लिटर झाले. १० हजार लिटरचे ४० टँकर, रोज! ही स्प्रिंकलरवाल्या गटाची मागणी आहे.

आता फक्त ग्रीन. एक ग्रीन ५०० चौरस मीटर, नऊ मिळून ४,५००. रोज २२,५०० लिटर. सव्वादोन टँकर. टी (पहिला फटका मारायची जागा) आणि रोपवाटिकेचं थोडं वर धरा.

३० बाय ३० बाय ३ मीटरच्या शेततळ्यात, उतार वजा जाता, साधारण २० लाख लिटर मावतात. म्हणजे ग्रीनपुरतं जवळजवळ तीन महिने पुरेल. पावसाचं साठवलेलं, बोअरला हात न लावता.

मृद्गंधा

गणितात बाष्पीभवन राहिलं, दादा. एप्रिल-मेमध्ये उघड्या तळ्यातून रोज ८ मिमीच्या आसपास उडून जातं. ९०० चौरस मीटरच्या पृष्ठभागावर ते ७,२०० लिटर होतात. म्हणजे रोजचा खर्च तीसेक हजार, आणि २० लाख लिटर दोन महिन्यांच्या थोडं पुढे जातील. तळं लहान तोंडाचं आणि खोल करता आलं तर बघा, किंवा वर शेडनेट.

गाळमुरूम

मान्य. पातळी उतरली की तोंडही आक्रसतं, त्यामुळे थोडं कमी उडेल, पण दिशा बरोबर.

कोरडवाहू

रोज सव्वादोन टँकर तेही साठवलेल्या पावसाच्या पाण्यातून, यावर माझं म्हणणं नाही. ४० टँकरवर आहे.

पंचवटीकर

सांडपाण्याचं काय? महापालिकेची शुद्धीकरण केंद्रं तपोवनात, आगरटाकळीला आहेत. चंदीगडच्या गोल्फ मैदानाला तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध केलेलं सांडपाणी देतात.

गाळमुरूम

तांत्रिकदृष्ट्या उत्तम. पण शहराबाहेर नऊ होलसाठी पाइपलाइन कोण टाकणार? क्लबच्या शेजारी मोठी गृहसंकुलं असतील तर त्यांच्या प्रकल्पाचं पाणी मागा, त्यांनाही ते कुठेतरी सोडायचंच असतं.

मृद्गंधा

तसं पाणी घेतलं तर आधी क्षार तपासा. त्यात नत्र-स्फुरद असतं, म्हणून युरिया त्या हिशेबाने कमी करायचा, नाहीतर तळं शेवाळाने भरतं. आणि फवारणी रात्री, खेळ सुरू होण्याआधी पान वाळलेलं हवं.

आता ऋतूंबद्दल, कारण मूळ प्रश्न तो होता.

थंडी: निफाडकडे पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो तेव्हा तुमच्याकडेही पहाटे गारठा असणारच. हरळी उष्ण हवामानाचं गवत, जमीन थंड झाली की वाढ मंदावते. तिला युरिया देऊन उठवू नका. ऑक्टोबर अखेरीस पालाश द्या आणि डिसेंबरात कापणीची उंची किंचित वाढवा. ग्रीन ४ मिमीवर असेल तर ५ करा. चेंडू थोडा हळू पळेल, सभासद कुरकुरतील, कुरकुरू द्या. आणि भोकं पाडायचं काम डिसेंबरात अजिबात नको. 'स्पर्धा संपल्या की करू' म्हणून अनेक ठिकाणी तेव्हाच ठरतं, आणि भोकं फेब्रुवारीपर्यंत भरत नाहीत. गवत जोमात असताना करा: मे अखेर किंवा सप्टेंबर अखेर.

पावसाळा: ढगाळ, दमट हवा आणि सतत ओलं पान म्हणजे बुरशी. पूर्वेला झाडं असलेली ग्रीन आधी जातात, कारण सकाळचं ऊन मिळत नाही. औषधाआधी फांद्या छाटा.

वेलीवरचा

+१. आमच्याकडे डाऊनी (केवडा रोग) अशाच हवेत येतो. फक्त कुणाचं ऐकून ग्रीनवर मोरचूद मारू नका, द्राक्षाचं औषध द्राक्षालाच.

आणि हुमणी! कोणीच कसं बोललं नाही? वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर बसतात. मैदानाभोवती बाभळी असणारच. त्या आठवड्यात रोज अंधार पडल्यावर फांद्या हलवून, खाली पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्यात टाकायचे. दिव्याचे सापळे लावा. आठवडा चुकला की ऑगस्ट-सप्टेंबरात अळ्या मुळं खातात आणि गवत सतरंजीसारखं हाताने गुंडाळता येतं. मग रानडुकरं अळ्या उकरायला येतात ते वेगळं.

हिरवळकर

डुकरं नाहीत, पण तीन नंबरच्या होलला गवत असं उचलून येतं. आम्ही पाण्याचा दोष समजत होतो. खालून पांढऱ्या, इंग्रजी सी आकाराच्या अळ्या निघाल्या आहेत.

वेलीवरचा

मग तीच. मेटारायझियम (अळी मारणारी बुरशी) शेणखतात मिसळून जूनमध्ये टाका, ओल असताना. मोठ्या अळीवर फारसं चालत नाही, लहान असतानाच गाठा.

रोलरमास्तर

आणि लव्हाळा? आमच्या आउटफिल्डला त्याने जीव नकोसा केला. उपटलं की खालची गाठ राहते, एकाचे चार होतात.

मृद्गंधा

उसात मारतात ते तणनाशक, हॅलोसल्फ्युरॉन. बर्म्युडाला चालतं. लेबल वाचून, प्रमाणात.

सातपूरची_सून

विषयांतर करते. आमच्या कंपनीची स्पर्धा एका मैदानावर होती (गोल्फ मला येत नाही, मी नाश्त्याच्या कूपनवर होते). तिथे भर फेअरवेत चार लाकडी खुंट्या ठोकून दोरी बांधलेली. मला वाटलं पाइप फुटला असेल. माळीकाकांनी लांबूनच दाखवलं: खड्यांमध्ये टिटवीची चार अंडी, खड्यांच्याच रंगाची. ती बाई एका गोल्फरच्या डोक्यावर घिरट्या घालून असा काही कालवा करत होती की त्याने शॉट सोडून दिला.

निवृत्त_तोफखाना

खुंट्या ठोकणाऱ्या काकांना माझा सलाम सांगा. तशी जागा 'दुरुस्तीखालची जमीन' जाहीर करून तिथून खेळायला मनाई करता येते. चेंडू आत गेला तर दंड नाही, जवळच्या मोकळ्या जागी टाकून पुढे खेळायचं. टिटव्यांचा विणीचा काळ साधारण मार्च ते ऑगस्ट, म्हणून उंच गवतात मशीन घालण्याआधी एक माणूस पुढे चालला पाहिजे.

उगाच_एक

आणि बिबट्या आला तर? तीही 'दुरुस्तीखालची जमीन' का?

निवृत्त_तोफखाना

बिबट्या आला तर चेंडू त्याचा. तुम्ही क्लबहाऊसला या आणि वनविभागाला फोन करा.

विजेचं मात्र गांभीर्याने घ्या. वळवाच्या दिवसांत मोकळ्या माळावर हातात लोखंडी काठी घेऊन उभा असतो तो गोल्फरच. एक लांब भोंगा म्हणजे खेळ तत्काळ बंद, हातातला शॉटसुद्धा मारायचा नाही. दोन छोटे म्हणजे पुन्हा सुरू. ही खुणेची पद्धत जवळपास सगळीकडे एकच आहे, कॅडी आणि माळ्यांनाही शिकवा. आणि आडोसा म्हणून बाभळीखाली उभं राहायचं नाही. छत आधी की चर आधी या वादात मी म्हणेन, मैदानाच्या लांबच्या टोकाला एक विजेपासून सुरक्षित निवारा नसेल तर तो या दोन्हींच्या आधी.

पंचवटीकर

गारांचं काय करता? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवली की अजून अंगावर काटा येतो. द्राक्षबागा भुईसपाट झाल्या होत्या.

रोलरमास्तर

ग्रीनवर गारेचा खड्डा आणि चेंडूचा खड्डा सारखाच दुरुस्त होतो. दुरुस्तीचा छोटा काटा खड्ड्याच्या कडेला खुपसून कडा मध्याकडे ढकलायच्या, चारी बाजूंनी, मग वरून काठीच्या बुडख्याने हलकं थापटायचं. लोक नेमके तळाशी काटा घालून वर उचकटतात. दिसायला सपाट होतं, पण मुळं तुटतात आणि तो डाग तिसऱ्या दिवशी वाळतो. सभासदांना हे एकदा करून दाखवा, रोजचं निम्मं काम वाचेल.

सातपूरची_सून

पुन्हा कूपनवालीच. निचरा, वाळू, हुमणी सगळं वाचलं. त्या मैदानावर बायकांसाठी एकच टॉयलेट, तेही क्लबहाऊसमध्ये. तण उपटायला आलेल्या बायका दिवसभर शेवटच्या होलवर होत्या. त्या कुठे जात असतील? छत-टॉयलेटवाल्या गटाला तुम्ही सगळे हसताय म्हणून विचारलं.

हिरवळकर

हसत नाहीये ताई. आमच्याकडेही तण काढायला आठ-दहा बायका येतात, आणि सोय तीच, क्लबहाऊसमागची. बैठकीत हा विषय सभासदांच्या टॉयलेटातल्या आरशापर्यंतच पोचला होता.

गाळमुरूम

लांबच्या टोकाला निवारा बांधणारच असाल तर त्याच्याच मागे दोन टॉयलेटं आणि एक पाण्याची टाकी बसवा. पाया एकच, खर्च फार वाढत नाही.

चराबद्दल मात्र एक धोका सांगतो. मुरमाड भागात नेहमीची पद्धत चालेल: दीड-दोन फूट खोल चर, तळाला खडी, १०० मिमीचा भोकांचा पाइप, १०० मीटरला १ मीटर उतार. काळ्या भागात तेवढ्याने भागणार नाही. काळी माती एकदा फुगली की वरचं पाणी पाइपापर्यंत पोचतच नाही. पाइप कोरडा आणि वर तळं, असं दृश्य दिसतं. तिथे चर थेट वरपर्यंत खडी-वाळूने भरायचा, वर मातीचा थर द्यायचा नाही, आणि मुळात जमिनीलाच उतार काढायचा. ठेकेदार वरून माती टाकून 'फिनिशिंग' करून देतात, ते करू देऊ नका.

आणि सगळ्या चरांचं तोंड शेततळ्यात काढा. जुलैत जे दोन होल बुडवतं तेच पाणी एप्रिलमध्ये ग्रीनला.

मृद्गंधा

फक्त मधे गाळाचा एक खड्डा ठेवा. आणि ग्रीनवर फवारणी झाल्यावर पहिल्या पावसाचं पाणी तळ्यात घेऊ नका.

हिरवळकर

सर्वांचे आभार. समितीपुढे असं मांडतोय: यंदा चर आणि शेततळं हे एकच काम म्हणून, दोन बुडणाऱ्या होलपासून सुरुवात. लांबच्या टोकाला निवारा, मागे टॉयलेटं. फेअरवेला मार्च ते जून पाणी बंद, ग्रीन आणि टीलाच चालू. स्प्रिंकलर नाही. बोअरला मीटर. हिरव्या रंगावरून आरडाओरडा होणार, त्यांना ४० टँकरचा हिशेब वाचून दाखवतो.

कोरडवाहू

मीटर बसवलात तर मीटरचे आकडे क्लबच्या फलकावर लावा. मग मी काही बोलणार नाही.

निवृत्त_तोफखाना

आणि कार्टचं विसरू नका. ओल्या काळ्या फेअरवेवर एक कार्ट गेली की चाकोऱ्या दिवाळीपर्यंत राहतात. पावसाळ्यात कार्ट फक्त रस्त्यावर, अध्यक्षांचीसुद्धा.

हिरवळकर

अध्यक्षांचा गुडघा दुखतो.

निवृत्त_तोफखाना

माझाही दुखतो.

वेलीवरचा

जेसीबी आत्ताच सांगून ठेवा. सिंहस्थाच्या कामांमुळे मशीन मिळत नाहीत, मिळाली तर भाव वाढवून. तासावर ठरवू नका, मीटरवर ठरवा, नाहीतर ड्रायव्हरचा चहा तुमच्या बजेटमधून होतो. खणून झालं की पाइप टाकण्याआधी चरात पाणी सोडून बघा, कुठे थांबतं ते लगेच दिसतं.

हिरवळकर

दिंडोरीकडचा कुणी ओळखीचा जेसीबीवाला असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.

वेलीवरचा

केलाय.